स्पर्धा आखताना नजर शेवटच्या गटावर हवी

गोल्फची स्पर्धा भरवायची म्हटलं की समितीच्या पहिल्या बैठकीत बक्षिसं, प्रायोजक आणि टोप्यांचा रंग यांवरच चर्चा रंगते. आमचीही तशीच रंगली. त्या वर्षी स्पर्धेची सचिव मी होते आणि माझा हट्ट एकच होता, येणारे खेळाडू कोण आहेत ते आधी बघू. नावं यायला लागली तेव्हा चित्र स्पष्ट झालं. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, खेळ जितका चांगला तितकी ती कमी. 4 हँडिकॅपचे मुरलेले खेळाडू होते, 36 हँडिकॅपचे हौशी होते आणि ज्यांच्याकडे हँडिकॅपच नाही असे पाहुणेही होते. मुरलेल्या खेळाडूला कुठलीही स्पर्धा चालते. ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीचं बारीक गवत, नीट कापलेलं असलं आणि टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, वेळेवर मिळाली की तो खूश. पण 36 हँडिकॅपवाला अडकला की त्याच्या मागचा गट अडकतो, त्याच्या मागचा अडकतो, आणि दुपारपर्यंत सगळं मैदान वैतागलेलं असतं. म्हणून स्पर्धेचा प्रत्येक निर्णय सगळ्यात हळू चालणाऱ्या गटाकडे बघून घ्यायचा, असं मी बैठकीत मांडलं. थोडी वादावादी झाली, पण ते मान्य झालं.

पहिला निर्णय खेळाच्या पद्धतीचा. काही जुन्या सदस्यांना स्ट्रोक प्ले हवा होता. एकूण फटके मोजायचे, सगळ्यात कमी ज्याचे तो जिंकला. शुद्ध पद्धत आहे, वाद नाही. पण त्यात प्रत्येक होल, म्हणजे टीपासून झेंड्याच्या खळग्यापर्यंतचा टप्पा, पुरा करावाच लागतो. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, चार फटके गेले, एक चेंडू पाण्यात गेला, तरी शेवटचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, आत जाईपर्यंत सुटका नाही. नवख्या माणसाचा दुसऱ्याच होलवर 11 चा आकडा लागतो आणि उरलेला दिवस तो नुसता चालत राहतो. मी स्टेबलफर्डचा आग्रह धरला. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत इंग्लंडमधल्या वॉलसी इथे 1932 मध्ये स्पर्धेत वापरली गेली, आणि एका वाईट होलमुळे खेळाडूचा अख्खा दिवस वाया जाऊ नये हाच तिचा हेतू होता. हँडिकॅपचे फटके वजा करून पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांचा आकडा, आला तर 2 गुण, एक जास्त झाला तर 1, एक कमी तर 3, दोन कमी तर 4. दोन किंवा अधिक जास्त झाले की शून्य. आणि शून्य ठरलं की चेंडू उचलायचा आणि पुढच्या टीकडे निघायचं. खेळाडूची लाज वाचते, मागच्यांचा वेळ वाचतो.

मग हँडिकॅप. 2020 पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली हे संयोजकांच्या दृष्टीने फार मोठं काम झालं आहे. शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 ची सरासरी काढून खेळाडूचा हँडिकॅप इंडेक्स ठरतो आणि तो जास्तीत जास्त 54 असू शकतो. पण इंडेक्स म्हणजे मैदानावर मिळणारे फटके नव्हेत, ही गोष्ट अर्ध्याअधिक खेळाडूंना समजावून सांगावी लागली. इंडेक्सला मैदानाच्या स्लोप रेटिंगने (मैदान सामान्य खेळाडूला तुलनेने किती अवघड, त्याचा आकडा) गुणायचं, 113 ने भागायचं आणि त्यात कोर्स रेटिंग (मुरलेल्या खेळाडूला तिथे लागणारे अपेक्षित फटके) व पार यांतला फरक मिळवायचा. समजा इंडेक्स 20.4, स्लोप 125, कोर्स रेटिंग 71.2 आणि पार 72. उत्तर येतं 21.77. वैयक्तिक स्टेबलफर्डसाठी शिफारस 95 टक्क्यांची आहे, म्हणजे 20.68, पूर्णांकात 21. स्पर्धेत मिळणार ते हे 21 फटके. मी हा हिशोब सगळ्यांसाठी आधीच करून प्रत्येकाच्या कार्डावर छापून घेतला. तसंही 2023 च्या नियमांनुसार कार्डावर हँडिकॅप लिहिण्याची जबाबदारी खेळाडूवर राहिलेली नाही, तो हिशोब समितीने बघायचा असतो.

इथे एका दुखऱ्या विषयावर बोलायलाच हवं. हँडिकॅप फुगवून येणारे खेळाडू प्रत्येक स्पर्धेत असतात. वर्षभर चांगल्या फेऱ्या नोंदवायच्याच नाहीत, इंडेक्स वर ठेवायचा आणि स्पर्धेच्या दिवशी ढाल घेऊन जायची. मला याची मनापासून चीड आहे, कारण फसवणूक होते ती प्रामाणिकपणे प्रत्येक फेरी नोंदवणाऱ्यांची. आम्ही प्रवेशपत्रातच अट टाकली की अलीकडच्या फेऱ्यांची नोंद दाखवावी लागेल आणि समितीला हँडिकॅप कमी करण्याचा अधिकार राहील. दोघांचे हँडिकॅप खरंच कमी केले. एकाने नाव मागे घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हँडिकॅप नसलेल्या पाहुण्यांसाठी वेगळा गट केला आणि पिओरिया पद्धत लावली. यात समिती 12 होल गुपचूप निवडून पाकिटात बंद करते. खेळ संपल्यावर त्या 12 होलवरचे फटके दीडपट करायचे, त्यातून पार वजा करायचा आणि उरलेल्याचे 80 टक्के हा त्या दिवसापुरता हँडिकॅप. पाकीट मी सगळ्यांसमोर लिफाफ्यावर सह्या घेऊन बंद केलं. निवडीबद्दल नंतर कुजबूज नको.

आता सुरुवात कशी करायची? एकामागून एक गट पहिल्या टीवरून सोडायचे, की सगळे एकदम? समजा गट 8 मिनिटांच्या अंतराने सोडले. मैदानावर पार 3 चा एखादा लांब होल असतो, तिथे चौघांना चेंडू मारून, चालत जाऊन, पट करून बाहेर पडायला 10 मिनिटं लागतात. तोपर्यंत मागच्यांना टीवर थांबावंच लागतं. म्हणजे प्रत्येक गटामागे 2 मिनिटं तुंबणार. दहावा गट त्या टीवर पोचेल तेव्हा त्याला 18 मिनिटं थांबावं लागेल, विसाव्याला 38. कुणीच हळू खेळलेलं नसतं, तरी रांग लागते. हे गणित मी समितीपुढे फळ्यावर मांडलं तेव्हा ‘खेळाडूंना जरा भरभर खेळायला सांगू’ म्हणणारे गप्प झाले.

सगळ्यांना जेवायच्या वेळी एकत्र आणायचं होतं, म्हणून शॉटगन सुरुवात ठरली. प्रत्येक होलवर गट उभे करायचे आणि इशारा झाला की सगळ्यांनी एकदम टी ऑफ करायचं. 1956 मध्ये अमेरिकेतल्या वॉला वॉला इथल्या क्लबात हा इशारा खरोखर बंदुकीचा बार उडवून दिला होता, त्यावरून नाव पडलं. 18 होलवर दोन-दोन गट म्हणजे 36 गट, 144 खेळाडू, हा कागदावरचा आकडा. प्रायोजकांना तोच हवा होता. मी तो मान्य केला नाही. आमच्या मैदानावर पार 3 चे चार होल. तिथे दुसरा गट ठेवला तर तो पहिला गट ग्रीनवरून बाहेर पडेपर्यंत नुसता उभा राहतो. शिवाय प्रत्येक पार 3 च्या अलीकडच्या होलवरही मी एकच गट ठेवला, म्हणजे पुढे जागा मोकळी झाली नाही तरी मागे फार दाटी होत नाही. उरलेल्या दहा होलवर दोन-दोन. एकूण 28 गट, 112 खेळाडू. बत्तीस जागा सोडून दिल्या म्हणून बैठकीत बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण या एका निर्णयावर मी अडून बसले.

नवख्यांचे चार गट मुद्दाम पार 3 च्या होलवरून सुरू केले. पहिलाच फटका ड्रायव्हर या लांब काठीने मारायचं दडपण नाही, आणि मागच्या होलवर एकच गट, त्यामुळे पाठीवर कुणी नाही. त्या प्रत्येक गटात नियम जाणणारा एक अनुभवी सदस्य घातला. त्या चौघांनी स्वतःची नेहमीची कंपनी सोडून हे काम आनंदाने केलं, त्यांचे आभार मानावे तितके थोडे.

वेळेसाठी आणखी एक स्थानिक नियम घेतला. चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर मूळ नियमाप्रमाणे परत मागे जाऊन मारावं लागतं. त्याऐवजी दोन दंड फटके घेऊन फेअरवेच्या, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्याच्या, कडेला चेंडू टाकायची मुभा 2019 पासून समितीला देता येते. वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी ती नाही, पण आमच्यासारख्या मिश्र स्पर्धेला अगदी योग्य. चेंडू शोधायला तीनच मिनिटं, पूर्वी पाच होती, हेही प्रत्येक कार्टवर ठळक अक्षरात चिकटवलं. आणि जिथून चेंडू कुठे पडला ते दिसत नाही अशा तीन होलवर एकेक फोरकॅडी, म्हणजे चेंडू कुठे पडतो ते बघणारा माणूस, झेंडा घेऊन उभा केला. माझ्या मते फोरकॅडी ही कुठल्याही स्पर्धेतली सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात जास्त उपयोगी व्यवस्था आहे.

आदल्या दिवशी संध्याकाळी ग्रीनकीपर काकांबरोबर अठराही ग्रीन फिरले. हा भाग मला सगळ्यात आवडला. होलची जागा निवडताना ते आधी ग्रीनच्या कडेपासून चार पावलं मोजायचे, मग गुडघ्यावर बसून हाताने उतार चाचपायचे. होलभोवती दोन-तीन फूट जमीन जवळपास सपाट हवी, नाहीतर हुकलेला पट थांबतच नाही. बाराव्या ग्रीनवर एका सदस्याने सुचवलेली जागा बंकरच्या मागे, उतारावर होती. काका म्हणाले, “मॅडम, इथे झेंडा लावला तर फोटो छान येईल. पण उद्या दुपारी इथे तीन-तीन गट ताटकळतील.” त्यांनी एक चेंडू हलकेच सोडून दाखवला. तो होलच्या जागेवरून घरंगळत पार ग्रीनच्या पुढच्या कडेपर्यंत गेला. आम्ही झेंडा मध्यावर लावला. सहा होल सोपे, सहा मध्यम, सहा अवघड अशी वाटणी केली आणि अवघड सहांतलेही दोन शेवटी काकांच्या सांगण्यावरून सौम्य केले. ग्रीनचा वेग मोजायला स्टिंपमीटर काढला. हे साधन 1935 मध्ये एडवर्ड स्टिंप्सन यांनी बनवलं. खाच असलेली पट्टी, एक टोक उचललं की चेंडू ठरावीक वेगाने निघतो, आणि सपाट ग्रीनवर तो किती फूट गेला तो त्याचा वेग. आम्ही नऊ फुटांच्या आसपास थांबलो. त्याहून वेगवान ग्रीनवर चांगले खेळाडू खूश होतात, पण नवख्यांचे तीन-तीन, चार-चार पट होतात, आणि मग वेळेचं सगळं गणित पुन्हा कोलमडतं.

होल-इन-वनसाठी प्रायोजकाने गाडी ठेवली होती आणि तिचा विमा काढला होता. विम्याच्या अटी वाचल्याशिवाय गाडी टीशेजारी उभी करू नये, एवढं प्रत्येक संयोजकाला सांगेन. अमुक यार्डांपेक्षा कमी अंतर चालणार नाही, खेळाडूंची संख्या आधी कळवलेली हवी, गटाबाहेरचा साक्षीदार ग्रीनपाशी दिवसभर हजर हवा. सकाळी टीचा पुढचा भाग कोरडा आणि मागचा ओला होता, त्यामुळे कामगारांनी टीच्या खुणा साहजिकच पुढे आणल्या. अंतर मोजलं तर विम्याच्या अटीपेक्षा कमी भरत होतं. खुणा परत मागे नेल्या, ओल्या जागी वाळू टाकली. दुसरा मुद्दा रोख बक्षिसांचा. एका प्रायोजकाला पहिल्या तिघांना रोख पाकिटं द्यायची होती. 2022 पासूनच्या हौशी दर्जाच्या नियमांनुसार हँडिकॅप स्पर्धेत हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही, घेतलं तर त्याचा हौशी दर्जा जातो. नियमाची प्रत दाखवली, त्यांनी लगेच वस्तुरूप बक्षिसं मान्य केली.

सकाळी इशारा वेळेवर झाला. पहिले दोन तास मैदान सुरेख वाहत होतं. मार्शल, म्हणजे मैदानावर खेळाचा वेग बघणारे आमचे लोक, प्रत्येक गटाची वेळ तीन ठरलेल्या होलवर टिपत होते आणि माझ्याकडे कळवत होते. नवख्यांचे गट पुढच्यांपासून फार मागे पडले नव्हते. मग पश्चिमेकडे आभाळ भरून आलं.

विजेच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकायला तयार नसते. खेळ तत्काळ थांबवायचा इशारा म्हणजे भोंग्याचा एक लांब सूर. गोल्फच्या नियम 5.7 नुसार तो झाल्यावर एकही फटका मारायचा नाही, मारला तर खेळाडू बाद. साध्या स्थगितीत तीन सूर असतात आणि चालू होल पुरा करता येतो, तो फरक सकाळीच समजावून सांगितला होता. पहिला गडगडाट ऐकू आला आणि मी लांब सूर द्यायला सांगितलं. सोळाव्या ग्रीनजवळ मी स्वतः होते. एका खेळाडूचा दोन फुटांचा पट बाकी होता, बर्डीसाठी, म्हणजे पारपेक्षा एक कमी. पटर, म्हणजे पट मारायची काठी, चेंडूमागे टेकवलेला. भोंगा झाला, त्याने पटर उचलला, चेंडूमागे खूण ठेवली, चेंडू खिशात टाकला आणि कार्टकडे चालू लागला. एक शब्द नाही. त्याच्याबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला तो अजून आहे.

शॉटगन सुरुवातीत खेळाडू अठराही होलवर पसरलेले असतात, म्हणून प्रत्येक होलसाठी जवळचा आडोसा कोणता आणि तिथे कोण नेणार याचा तक्ता आधीच केलेला होता. झाडाखाली कुणी थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं हा संकेत आम्ही पाळला. मध्ये एकदा पुन्हा गडगडलं आणि मोजणी नव्याने सुरू केली. लोक कुरकुरले, पण कुणी बाहेर पडलं नाही.

त्या थांबलेल्या वेळात एक प्रश्न सारखा येत होता, ‘आता पुढे खेळ झालाच नाही तर निकाल कसा लावणार?’ याचं उत्तर स्पर्धेच्या अटींत आधी लिहिलेलं नसेल तर फार कठीण जातं. पहिल्या टीवरून सुरुवात झालेली असेल तर पहिल्या नऊ होलवर निकाल लावता येतो. शॉटगनमध्ये नऊ होल झालेल्या प्रत्येक गटाचे नऊ वेगळे असतात, कुणाचे सोपे, कुणाचे अवघड. आम्ही लिहून ठेवलं होतं की 18 होल पूर्ण झाले नाहीत तर मुख्य बक्षिसं दिली जाणार नाहीत, फक्त लांब ड्राइव्ह आणि झेंड्याच्या सर्वांत जवळचा फटका ही दोन दिली जातील. ते कलम वाचून दाखवलं आणि प्रश्न थांबले. शेवटी आभाळ उघडलं. सगळे आपापल्या चेंडूपाशी पोचल्याचं मार्शलांनी कळवल्यावरच दोन आखूड सूर दिले. सोळाव्यावरचा तो पट आत गेला.

शॉटगनची एक अडचण शेवटी येते. 112 खेळाडूंची कार्डं जवळजवळ एकाच वेळी टेबलावर येतात. आम्ही टेबलं वाढवली होती. प्रत्येकावर दोघं, एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने टिपायचे, मग अदलाबदल करून पडताळायचे. मोबाइलवर थेट गुण दिसत होते, पण अटींनुसार ग्राह्य धरायचं ते सही केलेलं कागदी कार्ड. 1968 च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत रॉबेर्टो दि विचेन्झो यांच्या कार्डावर सतराव्या होलला 3 ऐवजी 4 लिहिले गेले, त्यांनी सही केली, आणि तो 4 कायम धरला गेल्याने त्यांची प्लेऑफची, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा खेळाची, संधी गेली. एवढ्या मोठ्या खेळाडूचं असं होतं तर दमून आलेल्या हौशी माणसाचं काय. म्हणून टेबलाशी प्रत्येकाला सही करण्याआधी होलनिहाय आकडे वाचून दाखवले. सही राहिली तर बाद करण्याऐवजी शेवटच्या होलला दोन दंड फटके द्यायची मुभा देणारा स्थानिक नियमही आम्ही घेतला होता, पण तो वापरावा लागला नाही.

पहिल्या जागेसाठी 38 गुणांवर दोघं आले. बरोबरी सोडवताना शेवटचे नऊ होल, मग सहा, मग तीन, मग अठरावा, असं बघतात. दहाव्या होलवरून सुरुवात केलेल्या खेळाडूचं म्हणणं, माझे शेवटचे नऊ म्हणजे पहिला ते नववा. अटींत स्पष्ट होतं की कुठूनही सुरुवात केली तरी कार्डावरचे दहा ते अठरा हेच शेवटचे नऊ धरायचे. त्यांनी कलम वाचलं, मान डोलावली आणि विजेत्याचं अभिनंदन करायला स्वतः गेले.

सगळे गेल्यावरही एक काम उरतं. त्याच दिवशी प्रत्येकाचे गुण हँडिकॅप नोंदीत टाकायचे, कारण हवामान किंवा मैदान अवघड होतं का हे पद्धत त्या दिवशीच्या नोंदींवरूनच ठरवते आणि उणे 1 ते अधिक 3 पर्यंत फरक करते. ते झाल्यावर मी मार्शलांच्या वेळेच्या नोंदी काढल्या. विजेची स्थगिती वजा केली तर सगळ्यात हळू गटाला चार तास पन्नास मिनिटं लागली होती, आणि तो नवख्यांचा गट नव्हता. रांग लागली ती सातव्या होलवर, जिथे पाण्यापलीकडे चेंडू टाकण्यासाठी सोय नव्हती आणि खेळाडू परत टीपर्यंत चालत जात होते. पुढच्या समितीच्या फाइलमध्ये मी तीन गोष्टी लिहिल्या: सातव्यावर पाण्यापलीकडे ड्रॉप झोन, म्हणजे चेंडू टाकायची ठरलेली जागा, आखा, तिथे चौथा फोरकॅडी ठेवा, आणि गटांची संख्या 28 च्या वर नेऊ नका.